हातावरचा भार

भूमिका चालायच्या आधी कोलांट्या मारायला लागली, असं तिची आई अन्नपूर्णा कौतुकानं सांगायची. वडील शेषराव मूळचे भंडाऱ्याकडचे, भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवणारे. हुडको वसाहतीतल्या घरात तिच्या जिम्नॅस्टिक्सच्या पदकांसाठी त्यांनी स्वतः खिळे ठोकले होते.

नववीत तिचं उजवं मनगट दुखू लागलं. धावत येऊन हात टेकायचे आणि तिथूनच मागे उलटी उडी घ्यायची, सगळा भार मनगटांवर. तिनं घरी सांगितलं नाही. एका सकाळी दुधाचं पातेलं हातून निसटलं, तेव्हा कळलं.

"कावून नाही सांगितलं आमाले?" शेषरावांनी विचारलं.

"सांगितलं असतं तं जाऊ दिलं असतं का तुम्ही? ठीक हो जाएगा, पप्पा."

प्रशिक्षक शिल्पा मॅडमनी उड्या निम्म्यावर आणल्या. हात टेकताना बोटं थोडी आत वळव, जमीन खांद्यांनी ढकल, असं शिकवलं. सरावाआधी मनगटांचे व्यायाम, नंतर बर्फ. भूमिकानं सगळं मन लावून केलं. दुखणं उतरलंही. मग राज्याच्या संघाची निवड जवळ आली, उड्या वाढल्या आणि मनगट सुजलं.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "हाड जिथून वाढतं, तिथंच इजा आहे. हातावर भार देणं बंद. नाहीतर हाड नीट वाढणार नाही."

"इंजेक्शन, मालिश, काही तं असन ना?" शेषराव म्हणाले.

"आराम. आणि मालिश अजिबात नको."

तरी ते जवळच्या उतई गावाहून कुणाकडून तरी तेलाची बाटली घेऊन आले. अन्नपूर्णानं ती उघडू दिली नाही. शेषराव बराच वेळ लेकीचा हात नुसता हातात धरून बसले.

निवड रायपूरला झाली. भूमिका हट्टानं बघायला गेली. तिच्या जागी हर्षा उतरली, तिची मैत्रीण. उड्या सुरेख झाल्या. खाली येताच हर्षा तिला बिलगली आणि कानात म्हणाली, "मेरा भी दुखता है. मॅडम को मत बताना."

"आजच सांग," भूमिका म्हणाली.

"अन् मले बसवलं तं?"

भूमिका दोन्ही बाजू तोलू लागली. मॅडमना सांगितलं तर जागा हिसकावल्यासारखं दिसेल. गप्प राहिलं तर हर्षाचा हात जाईल. परतीच्या गाडीत शेवटी तिनं मॅडमना सांगितलंच.

हर्षालाही थांबवलं गेलं. त्यानंतर हर्षा तिच्याशी बोलली नाही. भूमिका आता दहावीत आहे. सरावाला जाते, पायांचे व्यायाम करते. हात टेकायला डॉक्टरांनी अजून होकार दिलेला नाही.