ढिगाच्या सावलीचा खुंट

काचघर कुठं उभं करायचं हे ठरवायला क्लिफ रॅम्शॉला चौदा महिने लागले.

"माझ्याशी लग्न करायचं ठरवायला तुला दोन आठवडे लागले होते," त्याची बायको ऑड्री म्हणाली.

"तेव्हा जागा एकच होती," क्लिफ म्हणाला.

हॅदरलॉ गावाच्या मागे, ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर भाजीपाल्याचे बावीस तुकडे आहेत. नगर परिषद ते वर्षाच्या भाड्यानं देते, आणि एकदा मिळालेला तुकडा माणूस सहसा मरेपर्यंत सोडत नाही. अकरा नंबरचा तुकडा क्लिफचा. त्याआधी त्याच्या वडिलांचा, मॅथ्यू रॅम्शॉ यांचा. दोघंही इथल्याच कोळशाच्या खाणीत होते. क्लिफचं वय आता अठ्ठ्याहत्तर.

नोव्हेंबरातल्या एका वादळानं त्याचं जुनं लाकडी काचघर उचलून ओढ्याकाठच्या कुंपणात नेऊन घातलं. त्या आठवड्यात ऑड्रीच्या चुलतभावानं आपला सहा बाय आठ फुटांचा अॅल्युमिनियमचा सांगाडा दिला, काचा जुन्या घोंगड्यांत गुंडाळून. आता जमीन खणून सपाट करायची, विटांचा पाया घालायचा आणि त्यावर सांगाडा बसवायचा. क्लिफच्या गुडघ्यांची अवस्था पाहता हे काम एकदाच होणार होतं. जागा चुकली तर चुकली.

जागेला एवढं महत्त्व लीकमुळे. लीक म्हणजे कांद्याच्याच जातीची भाजी. पण हॅदरलॉमध्ये ती खाण्यापेक्षा मोजण्यासाठी वाढवतात. सप्टेंबरात क्लबमध्ये प्रदर्शन भरतं, जाडी इंचाच्या बारीक भागापर्यंत मोजली जाते. त्याचं बी नाताळच्या दुसऱ्या दिवशी टाकायचं हा गावचा रिवाज आहे. म्हणजे कोवळ्या रोपांना उजेड हवा असतो तो नेमका वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या दोन महिन्यांत. क्लिफचा लीक तीनदा दुसरा आला. वडिलांचा दोनदा, तोही दुसराच. रॅम्शॉंच्या घरात पहिलं बक्षीस कधी आलेलं नाही.

पुढच्या वसंतात बारा नंबरचा तुकडा हेलन टॉडला मिळाला. ती दक्षिणेकडून आलेली, शेजारच्या शहरात भूगोल शिकवणारी. पहिल्याच आठवड्यात ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"क्लिफ, एक विचारू? सगळ्यांची काचघरं खालच्या टोकाला का आहेत? थंड हवा रात्रभर तिथंच साचते. काल सकाळी तिथं दहिवर गोठून पांढरं पडलं होतं, वर काहीच नव्हतं."

"तिथंच असतात ती."

"मला वाटलं परिषदेचा नियम असेल."

"नियमच आहे, पोरी. परिषदेचा नाही. ढिगाचा."

"कुठला ढीग?"

क्लिफनं दक्षिणेकडे हात केला. तिथं गवताचं सपाट मैदान आहे, त्यावर पोरं फुटबॉल खेळतात.

त्या जागी खाणीतून निघालेल्या दगडमातीचा ढीग होता. शंभर फूट उंच, आणि वर्षागणिक वाढणारा. उन्हाळ्यात त्याचा त्रास नव्हता. हिवाळ्यात इथला सूर्य दुपारीसुद्धा घरांच्या छपराइतकाच वर येतो, आणि ढिगाची सावली तुकड्यांवर पार खालपर्यंत पोचायची. नाताळच्या आधीच्या रविवारी मॅथ्यू रॅम्शॉ खाणीच्या रुळाचा हातभर तुकडा आणि घण घेऊन यायचे. बरोबर बारा वाजता सावली जिथं संपायची तिथं रूळ ठोकायचे. काचघर उभं करायचं ते या खुंटाच्या खालच्या बाजूला. ढीग वाढेल तसा खुंट दर वर्षी दोन-चार पावलं खाली सरकायचा. बाकीचे लोक त्यांच्याकडे बघून आपापली काचघरं सरकवायचे. दहिवर चालेल, सावली नको, असा हिशेब होता, आणि तेव्हा तो बरोबर होता.

खाण १९६८ मध्ये बंद पडली. ढीग वाढायचा थांबला, खुंटही थांबला. मॅथ्यू यांच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. शेवटच्या दोन हिवाळ्यांत ते काचघरात उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून असत, कारण वरच्या टोकापर्यंत चढवत नसे. १९७१ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्याच ऑक्टोबरात ढीग सपाट करायचं काम निघालं. बुलडोझर चालवायला माणसं हवी होती. क्लिफ बेकार होता. दोन वर्षं तो हाच ढीग खरवडत होता.

"म्हणजे तुम्हीच हटवलात?" हेलननं विचारलं.

"अर्धा मी. अर्धा दुसऱ्या पाळीनं."

"आणि काचघर मात्र पन्नास वर्षं खालीच?"

"खुंट हलवणं बाबांचं काम होतं," क्लिफ म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

त्यानं ते वर्ष जागा तपासण्यात घालवलं. बांबूच्या काड्या रोवून दर महिन्याला शेडची, कुंपणाची, हेलनच्या सफरचंदाच्या झाडाची सावली कुठं येते ते पाहिलं. उत्तर त्याला जूनमध्येच कळलं होतं. वरच्या टोकाला दिवसभर ऊन होतं, दहिवर नव्हतं. उणी बाजूही होती. ढीग वारा अडवायचा, आता पश्चिमेचा वारा सरळ अंगावर येतो. आणि नळ खाली ओढ्याजवळ.

"झारी भरून वर तू नेणार?" ऑड्री म्हणाली. "का मला खांद्यावर कावड देणार?"

"छपराला पन्हळ लावीन, पिंपात पाणी येईल."

"मग ठरलं ना?"

"नाही."

नाताळच्या आधीच्या रविवारी आकाश स्वच्छ होतं. क्लिफनं पहारीनं खुंट उपटला. पन्नासहून जास्त वर्षं जमिनीत असलेलं लोखंड. अर्धा तास लागला. बाराला दोन मिनिटं असताना तो खुंट आणि घण घेऊन वर चालू लागला, वडिलांसारखा सावली कुठं संपते ते शोधत. बटाट्यांची जागा गेली, कोबी गेला, शेड गेली. कुंपणाच्या तारेपाशी तो थांबला. समोर मैदान, त्यावर ऊन, आणि त्याच्या मागे त्याची स्वतःची लांबच लांब सावली, पार खालपर्यंत गेलेली. मैदानाकडून येणारी दुसरी सावली नव्हती. तो खुंट हातात धरून तसाच उभा राहिला.

ऑड्री सूपचा थर्मास घेऊन वर आली.

"बाबांनी हे बघितलं नाही गं," क्लिफ म्हणाला. "आठ महिने. नुसते आठ महिने थांबले असते तर काम सुरू झालेलं तरी दिसलं असतं."

"ठोक तो कुठंतरी आणि सूप पी. गार होतंय."

"कुठं ठोकू?"

तिनं थर्मासचं झाकण भरून त्याच्या हातात दिलं. सूप पिऊन त्यानं खुंट खाली नेला आणि जुन्या भोकात परत बसवला.

काचघर जानेवारीत वरच्या टोकाला उभं राहिलं. छपराचा कणा पूर्व-पश्चिम, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन लांब बाजूवर पडतं. दार पूर्वेला, वाऱ्याकडे पाठ. चारही कोपरे लोखंडी पट्ट्यांनी पायाला आवळलेले. विटा हेलननं वाहिल्या. बाकीच्यांची काचघरं अजून खालीच आहेत. येत्या सप्टेंबरात काय होतं ते बघून ठरवू, असं ते म्हणतात. गेल्या सप्टेंबरात क्लिफचा लीक पुन्हा दुसरा आला. पण ती रोपं घरात खिडकीत वाढली होती, त्यामुळे ते वर्ष तो धरत नाही.

या हिवाळ्यात रोपं पहिल्यांदाच नव्या जागी आहेत. क्लिफ दुपारी साडेअकराला येतो, वडिलांसारखाच उलट्या बादलीवर बसतो. बाराच्या सुमाराला ऊन काचेतून थेट तोंडावर येतं. डोळे दिपतात. त्या बाजूच्या दोन काचांना चुना लाव, असं ऑड्रीनं सांगून पाहिलं.

त्यानं लावलेला नाही. तो बाजूला एवढाच सरकतो, की शेजारी आणखी एक बादली मावेल.