राणीच्या मापाची बाई

"मला आरशासमोर उभं करू नका, मी दिसायला लागले की काम बिघडतं."

माझी वहिनी राजवाड्याच्या शिवणखान्यात कामाला लागली, त्या पहिल्याच दिवशी हे म्हणाली. खोलीतला मोठा आरसा तेव्हा भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला, आणि पुढे कुणी तो वळवला नाही.

वहिनीचं काम उभं राहण्याचं. उंची, खांदे, पाठ, कंबर, सगळं राणीसाहेबांसारखं. चेहरा तेवढा तिचा स्वतःचा. राणीसाहेबांना तासन्‌तास उभं राहायला सवड कुठली? म्हणून त्यांचे कपडे वहिनीच्या अंगावर जन्माला येत आणि अंगात जीव आला की निघून जात. शिवणखान्यात तिला सगळे मापताई म्हणत. घरी दादा म्हणायचा, "मी राणीशीच लग्न केलंय. राज्य तेवढं द्यायचं राहून गेलं त्यांच्याकडून."

दादाचं कुलुपं दुरुस्त करायचं दुकान होतं. आम्ही दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. दिवसभर रेशमात उभी राहिलेली वहिनी संध्याकाळी कोपर विरलेला स्वेटर चढवून भांडी घासायची. मी एकदा विचारलं, "वहिनी, एवढे भारी कपडे अंगावरून उतरवताना काही वाटत नाही?" ती म्हणाली, "भावोजी, खुंटीला काय वाटतं?" आणि हसली. पण ते हसू मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. आपलं शरीर रोज कुणाच्या तरी गैरहजेरीला भाड्यानं द्यायचं, आणि ते परत घेताना त्याची ओळख पटवायची. सोपं नसावं.

शिवणखान्याचे प्रमुख, कापणारे मास्तर, म्हातारे होते. त्यांच्या ओठांत कायम टाचण्या. त्यामुळे काम चालू असताना बोलणं बंद, नुसतं हुं. एक हुं म्हणजे वळा, लांब हुं म्हणजे हात वर करा. त्यांची नजर कापडावरून हलायची नाही. आत कोण आहे ते त्यांच्या लेखी ठरलेलं होतं. वहिनीला त्यांनी कधी फीत लावली नाही. "फीत ताणली जाते," ते सांगायचे, "आमच्या मापताई ताणल्या जात नाहीत."

आणि त्या वर्षी मापताई ताणल्या जाऊ लागल्या.

याआधी दोनदा तिला दिवस गेले होते. दोन्ही वेळा तिनं हौसेनं सगळ्यांना सांगितलं, आणि दोन्ही वेळा मग त्याच सगळ्यांना दुसरी बातमी सांगत फिरावं लागलं. तिसऱ्या खेपेला तिनं तोंडाला कुलूप घातलं. जणू उच्चारलं की निसटेल. फक्त दादाला ठाऊक होतं. मला कळलं ते त्याच्या शिट्टीवरून. कानस चालवताना तो शिट्टी वाजवायला लागला होता, आणि वहिनी आतून ओरडायची, "अहो, पुरे! गावाला ऐकू जाईल!"

नेमका तेव्हाच राणीसाहेबांचा नदीपलीकडच्या देशाचा दौरा ठरला. एका पिढीचा अबोला होता दोन्ही देशांत. मागच्या वेळी राणीसाहेबांचे सासरे गेले होते, गळ्यापर्यंत बटणं लावलेला गणवेश, कमरेला करकचून पट्टा, पट्ट्याला तलवार. जेवणाला न थांबता परत आले. आता सून निघाली होती. शिष्टाचार खात्याचे साहेब रोज शिवणखान्यात येऊन रंगांवरून डोकं खात. पिवळा नको, तो त्यांच्या बंडाचा. निळा नको, तो आपल्या आरमाराचा. "मग पारदर्शक शिवू का?" मास्तरांनी त्यासाठी टाचण्या तोंडातून काढल्या म्हणतात.

शेवटी पलीकडच्या विणकरांनीच एक लोकरी कापड भेट पाठवलं. ओल्या विटेच्या रंगाचं, जड, एका कोटापुरतं. गाडीतून उतरताना राणीसाहेबांनी तोच कोट घालायचा असं ठरलं. बाकीचे कपडे आधीच तयार होते. कोट मात्र वहिनीच्या अंगावर, आठवड्यामागून आठवडे, कच्च्या टाक्यांनी उभा राहत होता.

दर खेपेला तो कमरेत जरा घट्ट यायचा. मास्तर टाके उसवून पुन्हा थोडे सैल घालायचे. "पलीकडचं कापड," ते शिलाईच्या बायकांना सांगायचे, "आकसतंय. तिकडची माणसंही अशीच." बायका हसायच्या. वहिनीही हसायची, पोट आत ओढून. सांगायला हवं, हे तिला रोज वाटायचं. रोज ती घरी येऊन म्हणायची, "उद्या सांगते."

मग निघायच्या आदल्या दिवशी राणीसाहेब स्वतः कोट घालून बघायला आल्या.

कोट त्यांच्या अंगावर लोंबला. कमरेजवळ तर आत आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मास्तर पुढे झाले, कापड चिमटीत धरलं, सोडलं, परत धरलं. मग त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि गादीत खोचल्या.

"माझी नजर गेली, राणीसाहेब," ते म्हणाले. "रात्रीत हा आत घेऊन देतो. पण यापुढे कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात द्या."

वहिनी दाराशी उभी होती. नंतर तिनं सांगितलं की त्या वेळी तिला फक्त मास्तरांची बोटं दिसत होती, टाचण्या खोचून झाल्यावरही गादीवरच राहिलेली. गप्प राहिली असती तर कोट आत घेतला गेला असता, दौरा झाला असता, तिचं गुपित तिच्याजवळ राहिलं असतं. आणि म्हातारा घरी जाऊन आयुष्यभर आपल्या डोळ्यांना शिव्या देत बसला असता.

"नजर ठीक आहे त्यांची," ती म्हणाली. "कापडही आकसलेलं नाही. मी वाढलेय. मला पाचवा चालू आहे."

मास्तरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, कापड नसलेल्या जागी, म्हणजे चेहऱ्याकडे.

"अहो ताई," ते पुटपुटले, "आणि मी तुम्हाला हात वर करून ताटकळत ठेवत होतो!"

राणीसाहेबांनी विचारलं, "पहिलंच?"

वहिनीनं मान हलवली; हो की नाही, ते कळण्यासारखं नव्हतं. पण राणीसाहेबांना कळलं असावं, कारण त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी कोटाच्या दोन्ही खिशांत हात घातले, खोल श्वास घेतला आणि सोडला.

"मास्तर, हा असाच राहू द्या."

साहेब पुढे सरसावले. "राणीसाहेब, लोक म्हणतील, उसना आणलाय."

"सासरे पट्टा आवळून गेले होते. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मला तिथे श्वास घ्यायचाय. आणि पोटभर जेवायचंही आहे."

त्या जेवल्या. वर्तमानपत्रांनी कोटावर स्तंभ भरभरून लिहिले. कुणाला त्या सैलपणात मैत्रीचा हात दिसला, कुणाला शस्त्र न लपवणारी सत्ता. नदीच्या दोन्ही काठांवर बायका शिंप्यांकडे जाऊन सांगू लागल्या, कमरेत ढिला शिवा. दादा ते सगळं मोठ्यानं वाचायचा आणि वहिनीच्या पोटाकडे बघून म्हणायचा, "ऐकलंस का रे? तुझं परराष्ट्र धोरण!"

"ऐकलंस का गं म्हणा," वहिनी म्हणायची. आता ती बोलायला घाबरत नव्हती. सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं.

बाळंतपणाच्या सुट्टीआधी, शेवटच्या दिवशी तिला आणायला मी शिवणखान्यात गेलो. तिच्या जागी लाकडी पुतळा उभा होता, मास्तर त्याला हुं करत होते आणि तो वळत नव्हता. मला पाहून ते ओशाळले. मग आतून तो विटेच्या रंगाचा कोट घेऊन आले.

"राणीसाहेबांचा निरोप आहे, ताई. ज्याच्या मापाचा कपडा त्याच्याकडे जावा. आणि जागा तुमचीच. परत याल तेव्हा तुमची आणि राणीसाहेबांची, दोघींची मापं नव्यानं घेऊ. फितीनं."

त्यांनी कोट धरला. वहिनीनं हात घातले. पण आता तो तिलाही पुढून मिटेना. बटणं आणि काजं एकमेकांना बघत लांब राहिली. मास्तरांचा हात सवयीनं टाचणीकडे गेला आणि परत आला. मग ते भिंतीपाशी गेले आणि आरसा वळवू लागले. मीही हात लावला. मागची धूळ उडाली.

वहिनी समोर उभी राहिली. तिनं स्वतःला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग कडेनं, मग परत समोरून, हात पोटाखाली धरून. घाई नव्हती. कुणासाठीही उभी नव्हती ती.

"काहीतरी बोला की, ताई," मास्तर म्हणाले. "कसा बसलाय?"

तिनं पिशवी उचलली, उघडाच कोट सावरला, आणि दाराबाहेर पडली.