एकतिसावी पायरी

सुकापूरच्या गावदेवीच्या टेकडीला एकशे बारा पायऱ्या. शकू यंदा एकतिसाव्या पायरीवरच बसली. मांडीवर ओटीचं ताट, आणि गुडघे जणू दुसऱ्याच कुणाचे.

घरची रीत अशी की, चैत्रात देवीची ओटी लेकुरवाळीनं न्यायची. पन्नास वर्षं ती शकूनं नेली. थोरली जाऊ चंद्रावती हिला मूलबाळ नाही. ती मागून रिकाम्या हातांनी चढायची. मधेच वळून तिचा चेहरा बघायची शकूला सवय होती. त्यात माया नव्हती.

आता शकू एकाहत्तरची आणि चंद्रावती अठ्ठ्याहत्तरची. पण नव्या टॉवरमधले लोक शकूलाच थोरली समजतात. सात बाळंतपणांत शकूचे दात गेले, कंबर गेली. चंद्रावती अजून सुईत दोरा स्वतः ओवते, रिक्षावाल्याला हात हलवून वाटेला लावते आणि पनवेलच्या बाजारातून चालत परत येते. ती अंगणातून ताठ चालत गेली की शकू तिच्या पायांकडे बघत राहते.

नात मनस्वी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. एकदा ती म्हणाली होती, "आजी, शरीराकडे शिदोरी एकच असते. ती पोरं वाढवण्यात खर्ची पडली, तर स्वतःच्या डागडुजीला कमी उरते. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, पण माश्यांवर प्रयोग करून बघितलंय."

"मी काय माशी हाय?" शकू फणकारली. पण ते बोलणं तिच्या मनातून गेलं नाही. आपली शिदोरी पोरांनी खाल्ली, आणि हिची हिच्याजवळच राहिली.

यंदा पुढं चढून गेलेली चंद्रावती वरून खाली आली. साधी धापही नाही.

"दे ताट."

"तुमी नेनार? तुमाला कुठं पोर हाय?"

बोलून गेल्यावर शकूनं मान खाली घातली. चंद्रावती शेजारी टेकली.

"शकू, तुजा पालना हलायचा ना, तवा मी कानांत बोटं घालून निजायची. आता तू माजे पाय बघतेस. मला काय कलत नाय?"

"कलतंय तर दाखवता कशाला चालून?"

"मंग काय रांगू?"

शकूला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. वर ढोल वाजू लागला. आता ओटी गेली नाही तर यंदा देवी रिकामी राहणार. तिनं ताट पुढं केलं, पण कड सोडली नाही.

"माज्या पोरांची नावं घ्याल देवीपुढं? सगल्यांची?"

"घेईन की. कमलाकर, गणू, दिनानाथ, शेवंती, गुरुदत्त, हिरा..." चंद्रावती जराशी थांबली. "आनी सोनी."

सोनी नऊ दिवसांची होऊन गेली होती. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. शकूनं स्वतः ते शेवटचं कधी घेतलं, तिला आठवेना.

तिची बोटं सुटली. चंद्रावती ताट घेऊन चढू लागली, एकेक पायरी, न थांबता. शकू खालून बघत राहिली. हिच्या पायांचं एक वेळ सोसलं असतं. पण पोरगी आपली, आणि तिचं नाव इतकी वर्षं सांभाळलं हिनं.