फ्रेंच चॅम्पियनची शेवटची लढत

सिंगापुरात यिशुनहून जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसायचे. नागपूरचे, सेफ्टी ऑफिसर, मुंगीलाही वळसा घालून जाणारे. पण बस सुटली, की मांडीवरच्या डब्याच्या झाकणावर दोन्ही मुठी ठेवून एका फ्रेंच मिडलवेट बॉक्सरची कारकीर्द सांगायला घ्यायचे. रोज एक लढत, आणि ती नेमकी गेटवर पास दाखवायच्या वेळी संपायची.

एका सोमवारी चॅम्पियन शेवटची लढत हरला. पट्टा गेला. मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

गुरुवारी कळलं, की माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, वाढवून द्यायला नकार आलाय. शुक्रवारी बसमध्ये मी त्यांना सांगितलं. त्यांनी मुठी झाकणावर ठेवल्या आणि तीच लढत पुन्हा सांगितली. या वेळी तो जिंकला.

"अहो, सोमवारी तर हरला होता!"

"तुम्ही आधी अपील तर करा ना जी," ते म्हणाले.

अपील मंजूर झालं. चॅम्पियन खरं हरला की जिंकला, ते मात्र त्यांनी सांगितलंच नाही. फोनवर शोधायचा मला धीर होईना.

महिन्याभराने ते डबा न घेताच आले.

"माझाही पास नाही वाढला जी," ते म्हणाले. "आज तुम्ही सांगा, ती शेवटची लढत."

कुठली सांगू, मला कळेना. मांडीवर मुठी ठेवून मी पहिल्या राउंडपासून सुरुवात केली. गेट जवळ आलं, तरी मी चॅम्पियनला उभाच ठेवला होता.