बंबातली राख आणि सुनेचं झाड

आमच्या कोल्हारात कुंडीत काहीही लावा, त्याला आंघोळीच्या पाण्याच्या बंबातली राख घालायची ही रीत. मोगऱ्याला राख, कढीपत्त्याला राख. माझ्या सासूबाईंनी घातली, मीही घातली, आणि कोणाचं काही वाकडं झालं नाही.

सून पार दार्जिलिंगकडची. पुण्याच्या कंपनीत माझ्या मुलाशी जमलं. आता दोघं इथूनच लॅपटॉपवर काम करतात. तिची आई वारली, माहेरचं घर विकलं, तेव्हा अंगणातल्या अझालियाची, त्यांच्याकडच्या गुलाबी फुलांच्या झुडपाची, फांदी रुजवून तेवढी घेऊन आली. आईचं म्हणून तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

"आई, याला आंबट माती लागते."

"आंबट? गरोदर हाय का गं तुझं झाड?"

ती हसली. पण बोअरचं पाणी त्याला शिवू द्यायची नाही. त्या पाण्यानं आमच्या पातेल्यांवर पांढरा थर बसतो, हे खरंय. तरी ड्रममध्ये पावसाचं पाणी साठवून एका रोपाला घालायचं म्हणजे नखरेच की! दिवाळीत पानं जरा फिकी दिसली. मला बाई राहवेना. दर रविवारी बंब पेटवला की कुणाचं लक्ष नाही बघून दोन मुठी राख घालायला लागले. पानं आणखी पिवळी पडली. मी तिसरी मूठ घातली.

मग ती एक पान घेऊन कृषी सेवा केंद्रात गेली. परत आली ती रडवेली.

"ते विचारतात, कोणी राख घातली का? राखेनं मातीचा आंबटपणा मरतो."

मी मेथी निवडत होते. "आमी कशाला घालू?" तोंडातून निघून गेलं. जीभ कशी झडली नाही माझी!

तिनं मुळं धुतली, सगळी माती बदलली, एकटीनं. मला उठून हात लावायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र पावसाचं पाणी मीच घालायला लागले. ह्यांनी एकदा बोअरची नळी तिकडं वळवली, तर अशी ओरडले की शेजारीण बाहेर आली.

दुसऱ्या वर्षी माघात कळी आली. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. सून कुंडीशी बसून रडत होती, हसतही होती. मला ते बघवेना.

"राख मीच घातली होती गं."

"माहीत आहे, आई. त्या दिवशी केंद्रातून आल्यावर नीट बघितलं, बंबापासून कुंडीपर्यंत राख सांडलेली होती."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं डोळे पुसले. "माझी आईपण अशीच होती. चूक कबूल करायला वर्ष लावायची. मी वाट बघत होते."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. गुडघे दुखतात, तरी बसले.