तेलाचा हात

माझ्या पायांना कुणी हात लावला की आग होते, हे सांगायला मला अख्खा पावसाळा लागला.

डोळखांबच्या बाजूला, शेताला लागून आमचं घर. नवरा शहापूरजवळच्या कारखान्यात कामाला. सकाळी जातो, तो दिवे लागल्यावर येतो. मी पाड्यावर अंगणवाडी चालवायची. बांधावरून चालताना पाय अडखळायला लागला, तेव्हा सगळे म्हणाले, कमजोरी असेल. पुढे कल्याणच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव सांगितलं. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण झिजतं, आणि माझ्या प्रकारात ते वाढतच जातं. चालणं कमी होत जाईल एवढं मी ऐकून घेतलं. दुखण्याचं मात्र विचारायचं सुचलं नाही. ते घरी आल्यावर कळलं.

गुडघ्याखाली जळतं. गरम राखेत पाय पुरल्यासारखं. कधी छातीभोवती कुणीतरी पट्टा आवळतं. बाहेरून काही दिसत नाही, पाय आहेत तसेच.

थोरली जाऊ पलीकडच्या घरात राहते. माझं अंगणवाडीचं काम सुटल्यापासून दुपारची जेवणं आटोपली की ती वाटीत कोमट खोबरेल घेऊन यायची. "आण गो पाय. रगत फिरंल जरा." लावणीच्या, कापणीच्या त्या हातांना जोर भरपूर. मी पदर दातात धरून बसायची. ती चोळता चोळता बोलत राहायची, कुणाची गाय व्याली, कोण वीटभट्टीवर गेलं. ती गेली की संध्याकाळपर्यंत मला उठता यायचं नाही. तरी मी गप्प राहिले, कारण दिवसभरात मला दुसरं माणूस भेटत नव्हतं.

भातझोडणीच्या दिवसांत एकदा तिच्या हातात असतानाच पाय ताठला, झटका बसला आणि वाटी कलंडली. तेव्हा तोंडातून निघून गेलं.

"ताई, नका चोळू. हात लागला की भाजतंय."

तिने हात काढून घेतला. "कवापासून?"

"पयल्यापासून."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी यायच्या बंद झाल्या असत्या."

तिने लादीवरचं तेल पुसलं, वाटी उचलली आणि गेली.

आणि खरंच यायची बंद झाली. मग मी माझं माझं बघायला शिकले. पांघरूण पायांना लागू नये म्हणून खाटेच्या पायथ्याशी टोपली उपडी घालते आणि त्यावरून चादर ओढते. जुनी साडी तळव्याला अडकवून पाय हळूहळू ताणते. भाजी स्टुलावर बसून चिरते, आणि दुखायला लागायच्या आधीच आडवी होते. डॉक्टरांच्या गोळीने डोकं जड होतं, पण आग थोडी खाली बसते. संध्याकाळी मी उठू लागले. दाराकडे बघणं मात्र सुटलं नाही.

जाऊचं माहेर म्हसा गावाकडचं. तिथल्या बैलांच्या जत्रेला ती गेली आणि परत आल्यावर एका दुपारी सूपभर वालाच्या शेंगा घेऊन दारात उभी राहिली. खाटेपासून लांब, उंबऱ्याशी बसली.

"रिकाम्या हातानं बसता येत नाय मला," म्हणाली आणि सोलू लागली.

मीही थोड्या शेंगा घेतल्या. माझी बोटं बधिर, दाणे सारखे निसटायचे. तिने ते पाहिलं. मग जत्रेतले बैल, घोंगड्या, वहिनीशी झालेलं भांडण असं कायकाय सांगत बसली. शेंगा संपल्या तशी उठली.

वाल होते तोवर ती अधूनमधून आली. आता तिला रानातली कामं आहेत. ऊन वाढलंय, आणि उन्हाने माझं सगळंच वाढतं. दुपारी मानेवर ओलं फडकं टाकून पडून असते.

नवरा घरी आल्यावर विचारतो, "आज कसं हाय?"

"बरं हाय," मी म्हणते. तो भुकेलेला असतो. सगळं सांगत बसले तर त्याचं ताट निवून जाईल.