स्टॉपरचा डावा गुडघा

कोल्हापुरात फुटबॉल बंद पडला की माणसं भांडायला दुसरी जागा शोधतात. यंदा हंगाम मध्येच थांबला. मैदानात कुणाचा तरी पाय कुणाला तरी लागला, गॅलरीतून बाटल्या उडाल्या, आणि सगळंच गुंडाळलं गेलं. आमची पेठ आणि पलीकडची पेठ यांची लढत तेवढी राहून गेली. नवरानवरी बोहल्यावर उभे आणि भटजी घरी गेला, असला प्रकार. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना अन्न गोड लागेना.

शेवटी चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, "मैदान बंद हाय, डोकं कुठं बंद हाय?" तिथनं निघालं ते. दोन्ही पेठांनी आपापले आजवरचे अकरा सर्वांत भारी खेळाडू काढायचे. जिवंत असोत नाहीतर वर गेलेले, सगळे ऐन भरातले धरायचे. आणि मॅच टेबलावर लावायची. कॅरमच्या दोन डब्यांतल्या सोंगट्या काढल्या. आमच्या पांढऱ्या, त्यांच्या काळ्या, लाल राणी म्हणजे बॉल. एका बाजूनं चाल सांगायची, दुसऱ्या बाजूनं ती कशी अडवली ते सांगायचं, आणि निकाल पंचांनी द्यायचा. पंच म्हणून एक निवृत्त रेफ्री धरला. त्याला दोन्ही पेठांनी जन्मभर सारख्याच शिव्या घातल्या होत्या, म्हणून त्याच्यावर दोघांचाही विश्वास.

नियम एकच, पण कडक. जे सांगाल ते मैदानावर खरंच घडलेलं पाहिजे, आणि डोळ्यांनी बघितलेला माणूस हॉलमध्ये हजर पाहिजे. हा नियम नसता तर काय, आमच्याकडं प्रत्येकाचा चुलता हवेत उडून सिझर कट मारत होता.

मी पेठेची लेक. उचगावात दिलेली, पण हायस्कूलला गणित शिकवून झालं की मुलींच्या संघाला फुटबॉल शिकवायला रोज इकडंच येते. त्यामुळं डाव आखायला पेठेचा संघ चालवणाऱ्या तालमीनं मला बोलावलं. "बाईमाणूस कशाला?" असं एकजण पुटपुटला. मी म्हटलं, ऑफसाइड समजावून सांगा, लगेच उठते.

पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली. गोली ठरला, दोन्ही आउट, म्हणजे कडेचे फॉरवर्ड ठरले, आणि स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बॅकचा विषय निघाल्यावर सगळे छताकडं बघायला लागले. मला माहीत होतं का. या शहरानं बघितलेला सगळ्यांत मोठा स्टॉपर म्हणजे माझे वडील, आमचे आबा. आबांना वळसा घालून कुणी गेलं न्हाय, हे वाक्य दोन्ही पेठांत अजून म्हणतात. फक्त ते आमच्या तालमीचे नव्हते. म्हणजे होते. इथंच वाढले, इथल्याच मातीत अंग मळवलं. पण एका हंगामात कप्तानानं त्यांना सलग बाहेर बसवलं, शब्दाला शब्द लागला, आणि आबा रागानं उठून पलीकडच्या पेठेकडून खेळायला गेले. नाव झालं ते तिकडं. आमच्याकडं शर्ट बदलणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. घरावर दगड पडले. आईला नळावर बायका वाट देईनात. पुढं दगड थांबले, बायका बोलायला लागल्या, पण तालमीची पायरी आबांसाठी बंद झाली ती झालीच. घर तिथंच, गल्ली तीच, आणि रोज तालमीवरून जाताना आबा समोरच्या कडेनं जाणार. खेळणं सोडल्यावर माणूस कुठल्या तरी पेठेचा उरतो. आबा कुणाचेच उरले नव्हते, आणि त्यांना मरायच्या आधी आमच्या पेठेचं व्हायचं होतं. तोंडानं कधी म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती, पोटच्या पोरीला कळतं.

मी म्हटलं, "स्टॉपर आबा."

तो कप्तान अजून आहे. सगळे त्याला कप्तानच म्हणतात. लहानपणापासूनचा आबांचा जोडीदार, आणि त्या हंगामापासून आबांशी एक शब्द न बोललेला. तो म्हणाला, "ज्यानं त्यांचा शर्ट घातला, त्यो त्यांचा."

"पहिला शर्ट तुमचाच घातलाता की!"

"शेवटचा बगतात, पोरी."

मी भांडले. नको ते बोलले. कुणी हललं नाही, स्टॉपर म्हणून दुसऱ्याचंच नाव लिहिलं. मग मी पिशवी उचलली आणि तरातरा माहेरी आले. आबा दारात बसून लसूण सोलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "स्टॉपर कोण घेटला?"

मी नाव सांगितलं.

"बरा हाय," आबा म्हणाले. "उंच बॉलला कच्चा हाय जरा, पण बरा हाय." आणखी एक पाकळी सोलून म्हणाले, "तू पिशवी घिऊन का आलीस? जा माघारी. काम अर्धं टाकायचं न्हाय." मला असा राग आला! त्यांचाही आणि तालमीचाही. तरी गेले.

दोन दिवसांनी पलीकडच्यांनी आपले अकरा जाहीर केले. स्टॉपर आबा. ते घेणारच होते, त्यांना काय अडचण? आमच्या बैठकीत मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. आता आबांना फोडून जायचं कसं? कप्तानानं तंबाखू मळता मळता माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "उत्तर तुझ्या घरातच हाय की."

होतं. आणि ते मला एकटीलाच ठाऊक होतं. आबांचा डावा गुडघा. पलीकडं गेल्यावर पहिल्याच वर्षी तो असा मुरगळला की परत नीट वळलाच नाही. आबा तसेच खेळत राहिले. मैदानावर ते जरा तिरके उभे राहायचे, पुढच्याला त्यांची उजवी बाजू मोकळी दिसायची, तो तिकडंच जायचा आणि आबा त्याला अलगद काढायचे. सगळे म्हणायचे, काय ती ऐट उभं राहण्याची! ऐट कसली आलीय? घरी आल्यावर आई विटेचा शेक द्यायची आणि आबा टॉवेल दातात धरायचे. पदराला धरून बघत मी उभी असायची. बाहेर बोलायचं नाही, एवढी एकच ताकीद मला लहानपणी मिळालेली. आई गेल्यावर ते गुपित आम्हा दोघांतच उरलं.

"मला ठाव न्हाय," मी कप्तानाला म्हटलं.

"आपलेच दात आन् आपलेच ओठ, व्हय?" तो म्हणाला आणि मळलेली तंबाखू दाढेखाली धरली. मला मात्र त्या आठवड्यात धड झोप लागली नाही. पेठेची म्हणून बसले होते, आणि पेठ हरली तर माझ्या गप्प बसण्यानं हरणार होती. बोलले असते तर आबांकडं उरलेलं एकच वाक्य मी माझ्या हातानं पुसलं असतं.

रविवारी सकाळी तिसऱ्याच पेठेतल्या एका मंगल कार्यालयात मॅच लागली. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची फुलं अजून कोपऱ्यात पडलेली. हॉल दोन्ही बाजूंनी गच्च. पलीकडच्यांनी आबांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, फेटा तयार होता. आबा आले, त्यांना हात जोडले, आणि फेटा न बांधता मागं जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. आमच्या बाजूच्या भिंतीला. आमची पोरं जरा सरकली, पण कुणी बस म्हणालं नाही.

सुरुवात त्यांनी केली. त्यांच्या सेंटर फॉरवर्डचा हेडर, साक्षीला सहाजण उभे राहिले, गोल दिला गेला. मग आम्ही आमच्या लेफ्ट आउटचा कॉर्नर काढला, कुणाला न शिवता सरळ आत वळणारा. पंचांनी विचारलं, बघितलाय कुणी? बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. "माज्या मालकानं मारलेला, आन् मी बगितलेला. आता न्हाय म्हणा बघू!" न्हाय म्हणायची कुणाची छाती? एक-एक.

त्यानंतर मात्र आबांची काळी सोंगटी आमच्या उरावर बसली. बॅकांच्या मधनं थ्रू पास टाकला, आबांनी कापला. उंच टाकला, आबांनी डोक्यानं काढला. दोघं मिळून गेलो, आबांनी एकाला बाहेर ढकलून दुसऱ्याच्या पायातला घेतला. दर वेळी पलीकडचे साक्षीदार उठायचे. एकदा तर त्यांचं कुणी उठायच्या आत पंच कप्तानालाच म्हणाले, "त्या मॅचला तुम्ही होता. आबांनी असा काढलाय का न्हाय?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "व्हय," तो म्हणाला. "काढलाय." मी वळून बघितलं. आबा भिंतीशी तसेच उभे होते, नजर टेबलावर.

पंचांनी शेवटची चाल पुकारली. चाल आमची. ती गेली नाही तर टायब्रेकर, आणि टायब्रेकरला त्यांचा गोली म्हणजे साक्षात भिंत. पलीकडच्यांनी आत्ताच शिट्ट्या सुरू केल्या होत्या. मी आमचा सेंटर फॉरवर्ड आबांच्या समोर आणून ठेवला आणि माझा हात तिथंच थांबला. आबांच्या उजवीकडनं नेला तर ते काढणार, सगळ्यांना माहीत. डावीकडनं नेला तर पंच विचारणार, त्या बाजूनं कोण गेलंय? कप्तान माझ्या कानाशी वाकला. "पोरी, आता सांग."

"न्हाय सांगणार," मी म्हणाले. जरा जोरातच. सगळ्या हॉलला ऐकू गेलं असणार. पंच म्हणाले, "चाल सांगा, न्हायतर सोडा."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"डाव्या अंगानं जा."

आबा पुढं आले. टेबलापर्यंत यायला त्यांना वेळ लागला, पाय ओढत होते. "माज्या डाव्या अंगानं बॉल टाकायचा आन् आत वळायचं. डावा गुडगा वळत न्हाय माजा. पयल्या वर्षापास्नं."

पलीकडच्यांच्यात एकदम कालवा उठला. "कुणी बगितलंय? साक्षीदार कोण?" पंचांनी हात वर केला आणि आबांकडं बघितलं. "मैदानात झालंय का हे कधी? कुणी गेलंय त्या बाजूनं?"

"ह्योच गेलाय." आबांनी आमच्या पांढऱ्या सोंगटीवर बोट ठेवलं. "एकदाच. असाच वळला. मला हालताच आलं न्हाय. त्याचा शॉट बारला लागला म्हणून गोल झाला न्हाय, आन् सगळी म्हणाली आबानं दबाव टाकला म्हणून चुकला. मी काय दबाव टाकतोय? मी उबा होतो खांबागत."

"साक्षीदार?"

"मी की. माज्यापेक्षा जवळनं कुणी बगितलंय?"

आणि आपली काळी सोंगटी आबांनी स्वतःच्या बोटानं बाजूला सारली. मला तिथं मोठ्यांदा रडावंसं वाटलं, खरंच सांगते. चाळीस एक वर्षं ज्या वाक्यावर हा माणूस जगला, ते त्यानं भर हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत मोडून ठेवलं होतं. पंच म्हणाले, "आबांना वळसा पडलाय, हे ठरलं. आन् फक्त गोली समोर असताना ह्या गड्यानं मारलेले गोल अर्ध्या हॉलनं बघितलेत." मग त्यांनी राणी उचलली आणि गोलात ठेवली.

आमच्या बाजूनं जो काही आरडाओरडा झाला! खुर्च्या पडल्या, पोरं टेबलावर चढायला निघाली, कुणीतरी झेंडूची ती शिळी फुलं उधळली. पलीकडचे आबांच्या अंगावर धावल्यासारखे आले. "आमच्यात नाव कमावलंस आन् आमालाच मारलंस!" एकानं तो फेटा जमिनीवर आपटला. आमच्या पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, मी एकाला कोपर मारलं. गर्दीत आबा मला दिसत नव्हते. तेव्हा मला खरी भीती वाटली. तिकडचे तुटले, आणि इकडच्यांना जिंकल्याच्या नादात ते आठवतच नव्हते.

दिसले तेव्हा ते टेबलाला धरून उभे होते आणि समोर कप्तान होता. कप्तानाचा चेहरा लालबुंद. मला वाटलं आता हा हात उचलतोय. मी माणसं ढकलत तिकडं निघाले.

"गुडगा गेलाता तुजा?" कप्तान ओरडला. त्या हंगामानंतर तो आबांशी बोललेला हा पहिला शब्द. "मोडक्या पायानं खेळलास आमच्याविरुद्ध इतकी वर्सं? आन् सांगितलं न्हाईस व्हय रं भाड्या?"

आबांनी त्याच्याकडं बघितलं.

"तू बोलत हुतास व्हय माज्यासंगं?" आबा म्हणाले. "कुणाला सांगू?"

कप्तानानं आबांच्या दंडाला धरलं, डाव्या बाजूनं, "चल, तालमीवर" म्हणाला आणि त्यांना हळूहळू दाराकडं घेऊन गेला.